रणगाड्याला पट्टा कोणता घालाल?

कपाटाच्या वरच्या खणात पाच-सहा वर्षं ठेवलेला प्लास्टिकचा रणगाडा तुम्ही एक दिवस खाली काढता. धूळ झटकता आणि लक्षात येतं, की चाकांच्या कडा मऊ पडून काळ्या पट्ट्याला चिकटल्या आहेत. जरा ओढलं तर चाकाचा तुकडाच हातात येतो. मुलाबरोबर सुट्टीत बसून जोडलेलं मॉडेल असेल तर वाईट जास्तच वाटतं. अशा वेळी बहुतेक जण स्वतःच्या डिंकाला नाहीतर रंगाला दोष देतात. पण दोष त्या दोघांचाही नसतो. चाकं खाल्ली ती किटमधल्या रबरासारख्या पट्ट्याने.

कारण साधं आहे. किटची चाकं पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकची असतात. सोबतचा एकसंध काळा पट्टा बऱ्याचदा विनाइलचा असतो आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. हे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि जिथे पॉलिस्टायरीनला टेकतं तिथे त्याला विरघळवतं. उष्णतेत हे काम वेगाने होतं. आपल्या रायपूरमध्ये मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट दुपारी किती तापतं हे वेगळं सांगायला नको. थंड देशातल्या हौशी माणसाला जे पंधरा वर्षांनी दिसेल ते इथे बरंच आधी दिसू शकतं. म्हणून वेगळा विकत मिळणारा पट्टा, ज्याला मॉडेलवाले ‘आफ्टरमार्केट ट्रॅक’ म्हणतात, तो आपल्याकडे केवळ शोभेचा खर्च राहत नाही.

पण म्हणून दिसेल तो सगळ्यात महागडा सेट मागवायचा, हेही खरं नाही. बाजारात धातूचे, प्लास्टिकचे, रेझिनचे असे पट्टे आहेत. काहींची किंमत मूळ किटच्या निम्म्याहून जास्त, काही वेळा किटइतकीच असते. कोणत्या रणगाड्याला कोणता पट्टा शोभतो हे पट्ट्यापेक्षा रणगाड्यावर जास्त अवलंबून असतं. तर आधी रणगाडा पाहू.

आधी पोकलेन बघा

रणगाडा रोज कुठे बघायला मिळणार, असं वाटेल. पण त्याचा भाऊबंद तुमच्या रस्त्यावरच काम करतोय. नवा रायपूरकडे जाताना, नाल्याच्या कामावर, नव्या कॉलनीच्या पायाखोदाईत जी पोकलेन मशीन दिसते, तिच्या पायाशी तोच लोखंडी पट्टा आहे. ऑपरेटर त्याला ‘चेन’ म्हणतात. मुलांना घेऊन पाच मिनिटं सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि तीन गोष्टी बघा.

पट्ट्याचा वरचा भाग सरळ रेषेत नसतो. वर एक-दोन छोटे रोलर असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत पट्टा स्वतःच्या वजनाने थोडा लोंबतो. मशीन पुढे गेली की हा झोल एका बाजूला सरकतो, मागे आली की दुसऱ्या. दुसरी गोष्ट, जमिनीला टेकणारा भाग चाकांखाली घट्ट ताणलेला आणि सपाट असतो. तिसरी, दातेरी चाकाभोवती वळताना कड्या गोल होत नाहीत. प्रत्येक कडी सरळच राहते आणि दोन कड्यांमध्ये कोपरा पडतो.

किटमधला रबरी पट्टा नेमका याच तीन ठिकाणी खोटा पडतो. तो लोंबत नाही, उलट ताणलेल्या रबर बँडसारखा चाकांच्या वर तरंगतो. वळणावर कोपरे न पडता गोल फिरतो. पोकलेन बघून आलेल्या दहा वर्षांच्या मुलालाही मग मॉडेलमधली ही चूक दिसायला लागते.

पट्ट्याच्या लोंबण्याची डोकेदुखी रणगाड्याइतकीच जुनी आहे. 1915 साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात फॉस्टर कंपनीत पहिला प्रायोगिक रणगाडा बनत होता. तोच पुढे ‘लिटल विली’ म्हणून ओळखला गेला. त्याला पट्टे बाहेरून मागवले होते, अमेरिकेतल्या शिकागोच्या बुलक कंपनीचे. खंदक ओलांडताना ते खाली लोंबायचे आणि चाकांवरून सुटायचे. शेवटी सप्टेंबर 1915 मध्ये विल्यम ट्रिटन यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचा नवा पट्टा तयार केला आणि गाडी चालली. म्हणजे किटसोबत आलेला पट्टा काढून दुसरा घालायची परंपरा थेट पहिल्या रणगाड्यापासूनची!

लोंबणारे आणि न लोंबणारे

आता आपल्या सैन्याच्या रणगाड्यांकडे वळू, कारण भारतीय घरात मॉडेल जोडायचं म्हटलं की 1965 आणि 1971 आधी आठवतात.

‘पिप्पा’ हा 2023 चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्यातला नायकाइतकाच महत्त्वाचा पीटी-76 हा पाण्यावर तरंगणारा हलका रशियन रणगाडा. तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून जवानांनी त्याला पिप्पा नाव दिलं. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरच्या लढाईत 45 कॅव्हलरीने हेच रणगाडे चालवले. याची रचना नीट बघा. वरचे छोटे रोलर नाहीतच. पट्टा वरून परत येताना थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावर टेकत येतो. टी-55 चंही तसंच आणि दुसऱ्या महायुद्धातल्या टी-34, टायगर, पँथर यांचंही. या सगळ्या गाड्यांत पट्टा चाकावर टेकतो, मध्ये खाली झुकतो, पुन्हा टेकतो. ही लाट म्हणजे त्या रणगाड्याची ओळखच. ती नसेल तर रंग कितीही सुंदर असो, गाडी खेळण्यातली वाटते.

दुसऱ्या बाजूला शर्मन. त्याच्या पट्ट्याच्या पिनांभोवती रबर असतं, त्यामुळे तो ताठ राहतो, आणि वर आधारही आहेत. टी-72 ला वर तीन रोलर आहेत, म्हणून त्याचा झोल कमी. सेंच्युरियन आणि विजयंता यांनाही वर रोलर आहेत आणि त्यावर बाजूचे पत्रे लावले की पट्ट्याचा वरचा अर्धा भाग दिसतच नाही.

इथेच पैशाचा मुद्दा येतो. बाजूचे पत्रे लावलेल्या सेंच्युरियनसाठी महागडा धातूचा सेट घेतलात, तर निम्मा पट्टा पत्र्याआड कायमचा गाडला जाईल. त्या पैशात दुसरं किट आलं असतं. उलट पीटी-76 किंवा टी-55 वर तोच खर्च पहिल्या नजरेत दिसतो. माझं मत विचाराल तर नियम एवढाच: पट्टा लोंबतो आणि उघडा दिसतो, तिथे खर्च करा. ताठ आहे किंवा झाकलेला आहे, तिथे साध्या प्लास्टिकवर भागवा.

धातूचा पट्टा: मोह आणि मेहनत

हंगेरीतल्या फ्रिउलमॉडेल कंपनीने धातूच्या पट्ट्यांना जगभर नाव मिळवून दिलं. व्हाइट मेटल या मऊ पांढुरक्या मिश्रधातूच्या सुट्या कड्या आणि त्या ओवायला तार, असं त्याचं स्वरूप. आता इतरही कंपन्या असे सेट बनवतात. त्याची गंमत हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पट्टा साखळीसारखा खळखळतो आणि चाकांवर ठेवला की झोल आपोआप पडतो, कारण वजन खरं आहे. काहीही चिकटवावं लागत नाही.

पण मेहनत मोजून घ्या. टी-55 च्या जुन्या प्रकारच्या पट्ट्यात एका बाजूला सुमारे 90 कड्या असतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 180. प्रत्येक कडीचं भोक बारीक ड्रिलने साफ करायचं, तार घालायची, कापायची, टोकाला सुपरग्लूचा इवलासा थेंब द्यायचा. एका कडीला दोन मिनिटं धरली तरी सहा तास होतात. टायगरला एका बाजूला 96, टी-34 ला 72. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. रोज रात्री जेवणानंतर वीस कड्या केल्या की टी-55 नऊ दिवसांत उरकतो.

हत्यारांसाठी परदेशी दुकानांकडे बघायची गरज नाही. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे हातात धरून फिरवायचं छोटं ड्रिल आणि अर्ध्या मिलिमीटरचे बिट मिळतात. रायपुरात सदर बाजारच्या सराफ्यात चौकशी करा. सेटमधली तार कमी पडली किंवा वाकली, तर मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून 26 गेजची तांब्याची तार थोडीशी मागून आणा. ती सुमारे 0.46 मिमी जाडीची असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात अलगद सरकते. सुपरग्लू मात्र पावसाळ्यात जपून वापरा. दमट हवेत तो झटकन धरतो आणि आजूबाजूला पांढरट पापुद्रा सोडतो.

लहान मुलं असलेल्या घरात एक काळजी घ्यायलाच हवी. व्हाइट मेटलमध्ये शिसं असू शकतं. सेटवर शिसं नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते आहे असंच धरून चाला. जेवणाच्या टेबलावर हे काम नको. कानस मारताना भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या, काम संपलं की सगळ्यांनी साबणाने हात धुवा, आणि तोंडात वस्तू घालणारं बाळ घरात असेल तर हा प्रकार काही वर्षं पुढे ढकला. कड्या काळ्या करण्यासाठी मिळणारं द्रावणही आम्लधर्मी असतं. ते मोठ्यांनीच, हातमोजे घालून, खिडकी उघडून वापरायचं.

आणखी एक गोष्ट. धातूचा पट्टा जड असतो आणि तो नुसता चिकटवलेल्या पोकळ प्लास्टिकच्या आसावर टांगला, तर पुढचं आयडलर चाक आत झुकतं. पट्टा घालण्याआधी आस पक्के करा. सस्पेन्शन हलतं ठेवलं असेल तर तेही एका उंचीवर चिकटवून टाका.

प्लास्टिकचे दोन प्रकार

घरातल्या बहुतेक मॉडेलांसाठी मला कडक प्लास्टिकचा पट्टाच योग्य वाटतो. तो पॉलिस्टायरीनचाच असल्याने चाकांना खात नाही, साध्या मॉडेल सिमेंटने चिकटतो आणि उन्हाळ्याची तक्रार करत नाही. पॉलिस्टायरीन मऊ पडायला नव्वद-शंभर अंश लागतात, तेवढं तर आपलं मे महिन्यातलं कपाटही तापत नाही. चारचाकीच्या डॅशबोर्डवर मात्र कुठलंच मॉडेल ठेवू नका.

यातला पहिला प्रकार सोपा. वरचा आणि खालचा लांब भाग एकेका तुकड्यात येतो आणि फक्त वळणावरच्या कड्या सुट्या असतात. चांगल्या सेटमध्ये वरच्या तुकड्यात झोल आधीच घडवलेला असतो. एका दुपारी पट्टा तयार. पहिल्यांदाच रबरी पट्टा सोडणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

दुसऱ्या प्रकारात सगळ्या कड्या सुट्या असतात आणि त्या एकमेकींत अडकून हलतात. जपानची मोडेलकास्टेन, तैवानची एएफव्ही क्लब, चीनची मेंग अशा कंपन्या हे सेट काढतात. काहींत प्रत्येक कडीचे चार-पाच तुकडे असतात. तिथे संयम लागतो आणि डोळ्यांना चांगला प्रकाश. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी भिंग असलेला दिवा आधी घ्यावा, सेट नंतर.

हलणाऱ्या प्लास्टिक पट्ट्याला वजन नसल्यामुळे झोल आपोआप पडत नाही. त्याची युक्ती जुनी आहे. पट्टा घातल्यावर वरच्या भागावर, चाकांच्या मधल्या जागेत, कापसाचे बोळे वरून हलकेच दाबून बसवा म्हणजे पट्टा चाकांवर टेकेल. मग जिथे टेकतो तिथे पातळ सिमेंटचा थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी बोळे काढा. लाट तशीच राहते.

थ्रीडी प्रिंट

गेल्या काही वर्षांत रेझिनमध्ये छापलेले पट्टे आले आणि खेळ बदलला. कड्या टिचकीसरशी एकमेकींत बसतात, ना ड्रिल ना तार. नक्षी इतकी बारीक असते की धातूच्या ओतकामात ती क्वचित उतरते. दुर्मीळ रणगाड्याचा पट्टाही मिळून जातो, कारण साचा बनवायचा खर्च नाही.

तक्रारही आहे. रेझिन ठिसूळ असतं. बारीक पिना बसवताना मोडतात, म्हणून सेटमध्ये जास्तीच्या कड्या किती दिल्यात ते बघूनच घ्या. उन्हात राहिलं तर रेझिन आणखी कडक आणि तडकणारं होतं, तेव्हा काचेचं शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.

हल्ली छपाईची फाइल विकत घेऊन घरच्या किंवा शहरातल्या प्रिंटरवर पट्टा छापून घेणारेही आहेत. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींना हा भाग फार आवडतो. फाइल स्वतःच्या वापरापुरती घेतलेली असते, तिच्या प्रती वाटत सुटू नये. आणि न वाळलेलं रेझिन त्वचेला त्रास देतं. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या लहानांना आधीच बजावा.

पाकिटावर काय वाचायचं

ऑर्डर देण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची ओळ पाकिटाच्या कोपऱ्यात असते: हा सेट कुठल्या कंपनीच्या किटसाठी आहे. दोन कंपन्यांचा टी-55 कागदावर एकाच मापाचा, 1/35, असला तरी दातेरी चाकाच्या दातांमधलं अंतर केसभर वेगळं असू शकतं. पहिले तीन दात बसतात, चौथा कडीच्या भोकाच्या कडेवर चढतो आणि पुढे सगळंच बिनसतं. काही धातूच्या सेटमध्ये म्हणूनच जुळणारी दातेरी चाकंही दिलेली असतात. ती असतील तर किटमधली बाजूला ठेवा.

पडताळणी घरीही करता येते. टी-55 चा खरा पट्टा 580 मिमी रुंद आणि जुन्या प्रकारात एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचं अंतर 137 मिमी. पस्तीसने भागा: रुंदी सुमारे 16.6 मिमी, अंतर 3.9 मिमी. अशा 90 कड्यांची लांबी साधारण 352 मिमी होते. विक्रेत्याने पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा आणि दहा कड्या मोजा. 39 मिमी भरल्या की निश्चिंत व्हा. आठवी-नववीतल्या मुलांकडून हे गणित करून घ्या. प्रमाण हा धडा त्यांना असा कधी कुणी शिकवलेला नसतो.

हे 1/35 प्रमाण आलं कुठून, हा प्रश्न मुलं विचारतातच. 1961 मध्ये जपानच्या टामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरवला आणि मोजून पाहिलं तर तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. पुढे जगाने तेच प्रमाण मानलं. बॅटरीच्या सोयीसाठी निघालेल्या आकड्यावर आज हजारो किट उभी आहेत.

एकाच रणगाड्याला वेगवेगळे पट्टेही असतात, हे विसरू नका. टायगरला लढाईसाठी 725 मिमीचा रुंद पट्टा होता आणि रेल्वेच्या वाघिणीवरून न्यायला 520 मिमीचा अरुंद, कारण रुंद पट्ट्यासकट तो मालगाडीच्या मापात बसत नसे. टी-55 ला जुना सुक्या पिनांचा पट्टा होता आणि नंतर रबरी बुश असलेला आला. तुम्हाला ज्या वर्षाची, ज्या रेजिमेंटची गाडी करायची आहे तिचा फोटो समोर ठेवूनच सेट निवडा. दुकानदाराने ‘टी-55 चा आहे’ म्हटलं एवढ्यावर जाऊ नका.

परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. एकट्याने एक सेट मागवण्यापेक्षा तीन-चार हौशी कुटुंबांनी मिळून मागवलं तर टपालखर्च वाटला जातो. रायपुरात तात्यापारा, चौबे कॉलनीपासून नव्या वसाहतींपर्यंत मराठी घरं पसरलेली आहेत. गणपतीच्या दिवसांत भेटीगाठी होतातच. सजावटीत मॉडेलांचा एक कोपरा केलात तर या छंदातली माणसं आपोआप सापडतील.

नगरची एक फेरी

फोटोंवर कितीही अभ्यास करा, खरा पट्टा जवळून बघण्याला तोड नाही. त्यासाठी मराठी माणसाला जर्मनी-इंग्लंडला जायची गरज नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू केलं. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता असे देशोदेशीचे रणगाडे तिथे मोकळ्या आवारात एकाशेजारी एक उभे आहेत. रायपूरवरून पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस मनमाडनंतर नगरवरूनच जाते. पुण्याला नातेवाईकांकडे निघालात तर वाटेत एक दिवस काढा.

नगरचं नाव आणखी एका कारणाने या छंदाशी जोडलेलं आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत 17 पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले. जन्म पुण्याचा, वय अवघं 21, आणि मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव होतं ‘फामागुस्टा’. युद्धानंतर परत मिळालेला तो रणगाडा नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरने जपला आहे. या लढाईचं मॉडेल करणाऱ्या मुलाला त्या नावामागचा माणूस माहीत असायला हवा, पट्ट्याच्या कड्या मोजण्याआधी.

म्युझियममध्ये फोटोचे नियम दारावर विचारून घ्या. परवानगी असेल तर समोरून फोटो काढताना पट्ट्याची नक्षी कुठल्या दिशेने आहे ते नीट येऊ द्या. उजवा-डावा उलटा बसवणं ही या छंदातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कडी बाहेरून कशी, आतला दात कसा, पिनेचं टोक कुठल्या बाजूला, हेही टिपा. रंग मात्र तिथला उचलू नका. प्रदर्शनातल्या रणगाड्यांना गंजू नये म्हणून पट्ट्यासकट रंग मारलेला असतो. चालत्या रणगाड्याचा पट्टा तसा कधीच दिसत नाही.

गंज, चकाकी आणि चिखल

मग दिसतो कसा? बहुतेक लोक पट्टा नारिंगी गंजाने माखतात. रोज चालणाऱ्या पट्ट्यावर तसा गंज टिकत नाही. मूळ रंग गडद तपकिरी-करडा धरा. जिथे जमीन घासते ती बाहेरची उंच कड आणि जिथे चाक घासतं ती आतली पट्टी पोलादासारखी चकाकते. धातूच्या पट्ट्यावर ही चकाकी बारीक सँडपेपरने खरवडूनच मिळते, खोटी करावी लागत नाही. हा त्याचा मोठा फायदा. पण तिथला धातू उघडा पडतो, म्हणून नंतर वर पारदर्शक मॅट वार्निशचा पातळ हात द्या आणि पुन्हा हात धुवा. प्लास्टिकवर 6बी पेन्सिलीचं टोक कडांवर घासा. शाळेच्या कंपासपेटीतल्या या वस्तूला परदेशी पावडरी हरवू शकलेल्या नाहीत.

चिखलाबाबत आपल्याकडे एक मोह होतो. घराबाहेर भाटा जमिनीचा लाल मुरूम फुकट पडलेला असतो. तो चाळून पट्ट्यावर लावला की झकास दिसतो, पण रणगाडा मग बसंतरला लढलेला वाटत नाही, धमतरी रस्त्यावर कामाला लावलेला वाटतो. पंजाब-जम्मूच्या मैदानात माती फिकट, मातकट. गरीबपूरच्या बंगाली गाळाची करडी. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरला शेतांत पाणी सोडून पॅटन रणगाडे रुतवले गेले, तिथला चिखल ओला, पट्ट्याच्या कड्यांत गच्च भरलेला आणि चाकांच्या मध्यापर्यंत चढलेला. छत्तीसगडची धानाची खाचरं पावसाळ्यात बघितली असतील, तर ट्रॅक्टरच्या चाकाला तो कसा चिकटतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. आकार तिथून घ्या, रंग युद्धभूमीचा ठेवा.

घरात आधीच रबरी पट्ट्याची मॉडेलं असतील तर आज संध्याकाळीच ती कपाटातून काढून बघा. चाक अजून शाबूत असेल तर पट्टा सोडवा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. नवा पट्टा येईपर्यंत रणगाडा बिनपट्ट्याचा राहिला तरी हरकत नाही. तोच पट्टा ठेवायचा असेल तर चाकांच्या कडांना आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला रंगाचे दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या आणि मग जोडा. हा आडपडदा कायमचा नाही. दर उन्हाळ्याआधी एकदा तपासत जा. अलीकडच्या काही किटमधले मऊ पट्टे साध्या मॉडेल सिमेंटने चिकटतात. ते वेगळ्या प्लास्टिकचे असतात, तेव्हा सगळ्या मऊ पट्ट्यांना एकाच मापाने तोलू नका. सूचनापत्रकात कुठला डिंक सांगितलाय ते बघितलं की फरक कळतो.

नवा सेट जोडून झाल्यावर पाच-सात कड्या उरतील. त्या टाकू नका. रणगाड्यावरचे जवान जास्तीच्या कड्या गाडीच्या पुढच्या उतारावर किंवा बुरुजाच्या बाजूला बांधून नेत, वाटेत पट्टा तुटला तर बदलायला. मॉडेलवरही दोन-तीन कड्या तशा लावा. त्यांना मात्र चकाकी नको. न वापरलेल्या कड्यांवरच तो नारिंगी गंज शोभतो.